रूळ, वाट आणि वहिवाट : जुन्या लोहमार्गाच्या नागरी उपयोगाची परिभाषा

शहरातून गेलेला लोहमार्ग बंद पडला म्हणजे मागे जमिनीची एक लांब, अरुंद व अखंड पट्टी उरते. सौम्य चढ, विस्तीर्ण वळणे आणि आडव्या रस्त्यांची विरळता हे तिचे गुण मूळचे आगगाडीच्या सोयीसाठी योजिलेले असतात; परंतु पादचाऱ्याला आणि सायकलस्वारालाही तेच उपकारक ठरतात. अशा पट्ट्या चालण्याच्या व सायकलच्या वाटा म्हणून राखण्याचा विचार गेल्या सुमारे साठ वर्षांत अनेक देशांत रुजला. त्याची चर्चा बहुधा स्थापत्य, वाहतूक आणि खर्च या तीन अंगांनी होते. भाषेचे अंग आठवते ते अगदी शेवटी, फलक रंगविण्याच्या वेळी. हा क्रम उलटा आहे. एखादी जागा कोणत्या शब्दाने ओळखली जाते यावर ती कोणाची मानली जाईल हे पुष्कळ अंशी ठरते. मुंबईतील एका विस्मृत लोहमार्गाचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

1928 साली साष्टी बेटावर ट्रॉम्बे ते अंधेरी असा सुमारे 13 किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चालविलेला हा मार्ग 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' या नावानेही ओळखला जाई. अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे 1934 साली, तो बंद पडला. त्याची काही जमीन पुढे सांताक्रूझच्या विमानतळाकडे गेली. त्याची आठवण राहिली ती चेंबूर, कुर्ला व कालिना या भागांतून जाणाऱ्या सी. एस. टी. रोडच्या नावात. ही तीन अक्षरे त्या ट्रामवेचीच आद्याक्षरे होत. परंतु 1996 साली व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस असे झाले आणि तीच तीन अक्षरे मुंबईतील सर्वांत प्रसिद्ध स्थानकाची खूण बनली. 2017 साली त्या नावात 'महाराज' हा शब्द जोडला जाऊन संक्षेपही बदलला. तथापि तोवर रस्त्याच्या नावातील मूळ अर्थ झाकला गेला होता. आज हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात बोरीबंदर उभे राहते, साष्टीची ट्रामवे नव्हे.

येथे एक शंका संभवते. आद्याक्षरांनी झालेली नावे अर्थ गमावतात हे खरे असले, तरी त्यात विशेष हानी कोणती? दादर टी. टी. हे नाव घ्यावे. मुंबईतील ट्राम 1964 च्या मार्च महिन्यात कायमची थांबली. 'ट्राम टर्मिनस' हा विस्तार अनेकांना ठाऊक नसतो. तरीही नाव आपले काम चोख करते. या शंकेचे उत्तर बिंदू आणि रेषा यांच्या भेदात आहे. दादर टी. टी. हे एका ठिकाणाचे नाव आहे आणि ठिकाण दाखविले की नावाचे कार्य संपते. लोहमार्गाचे नाव मात्र एका सलग ओळीचे असते. त्याचा अर्थ हरवला की ओळीचे तुकडे एकमेकांपासून सुटतात. एक तुकडा रस्ता होतो, दुसरा धावपट्टीच्या आवारात जातो, आणि हे सारे एके काळी एक होते हे सांगणारा शब्दच उरत नाही. सलगपणा हेच ज्या जागेचे खरे मोल, तिच्या बाबतीत ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही. अर्थात 1934 च्या व्यवस्थापकांना दोष देणे अन्यायाचे होईल. बंद लोहमार्ग चालण्यासाठी राखावा ही कल्पनाच तेव्हा प्रचारात नव्हती. आज ती आहे, म्हणून प्रश्न आजचा आहे.

ज्या देशांत ही कल्पना फळास आली तेथे सलगपणाची काळजी प्रथम घेतली गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग 1967 पासून सायकलस्वारांच्या उपयोगात आहे. पॅरिस येथे बास्तीयकडे येणारा लोहमार्ग 1969 साली बंद झाला व त्याच्या कमानींवरून आणि खोदलेल्या भागांतून 1993 च्या सुमारास साडेचार किलोमीटरांहून लांब अशी वृक्षवाट सिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील हाय लाइन हा मूळचा 1934 चा उन्नत मालवाहू मार्ग. त्यावरून शेवटची गाडी 1980 साली गेली व 2009 साली त्याचा पहिला भाग उद्यान म्हणून खुला झाला. या तिसऱ्या उदाहरणात सायकलला मज्जाव आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. उद्यान आणि वाट या दोन भिन्न कल्पना आहेत. उद्यानात मनुष्य जातो, वाटेने तो कोठेतरी पोहोचतो.

अमेरिकेच्या 1983 च्या कायद्याने याहून मार्मिक गोष्ट साधली. गाडी थांबलेली पट्टी 'सोडून दिलेली' न मानता, पुढे कधी लोहमार्गासाठी लागेल या हेतूने राखून ठेवावी आणि तोपर्यंत ती चालण्यासाठी वापरावी, अशी ही योजना आहे. पट्टी 'सोडून दिली' असे ठरले असते तर अनेक ठिकाणी शेजारच्या जमीनमालकांचा तिच्यावर हक्क उत्पन्न झाला असता. एका क्रियापदाच्या निवडीवर सार्वजनिक वाटेचे अस्तित्व अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठीत या कल्पनेसाठी कोणती सामग्री उपलब्ध आहे? रूढ शब्द 'ट्रॅक' हा आहे आणि तो लोहमार्गालाही लागतो, सायकलच्या पट्टीलाही लागतो. ज्या शब्दाने मनुष्याला दूर राहण्याचा इशारा द्यावयाचा त्याच शब्दाने त्याला बोलवावयाचे, हा व्यवहार विचित्र आहे. 'मार्गिका' व 'हरितपथ' हे शब्द घडणीने निर्दोष आहेत; परंतु ते आराखड्यातून आलेले आहेत. मार्ग आखला जातो, पथ बांधला जातो. वाट मात्र पडते. ती मळते, रुळते, मोडते, चुकते. या क्रियापदांतून असे दिसते की मराठी भाषकाच्या जाणिवेत वाटेचा कर्ता चालणारा आहे, अधिकारी नव्हे. लोखंडी 'रूळ' आणि 'रुळणे' ही क्रिया यांचा संबंध ध्वनिसाम्यापलीकडे नेण्याचे कारण नाही. पण तेवढ्या साम्याच्या बळावरही 'रूळवाट' हा सामासिक शब्द 'पाऊलवाट', 'गाडीवाट' यांच्या पंक्तीस सहज बसतो. जागा पूर्वी काय होती आणि आता काय आहे, या दोन्ही गोष्टी तो सांगतो.

असा शब्द केवळ कल्पनेतला नाही, त्यामागचा अनुभव महाराष्ट्रात आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून गावापर्यंत माणसे छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने चालत जातात. 1907 साली सुरू झालेली ही गाडी 2005 च्या अतिवृष्टीनंतर व पुन्हा 2019 च्या पावसानंतर दीर्घकाळ खंडित झाली. चालणाऱ्यांची वाट खंडित झाली नाही. अन्यत्र मात्र रुळांवरून चालणे हा 1989 च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम 147 खाली अपराध आहे, आणि धावत्या गाडीच्या मार्गावर तसे असणे योग्यच आहे. प्रश्न उद्भवतो तो गाडी थांबल्यावर. त्या क्षणी अतिक्रमणाचे रूपांतर हक्कात व्हावे काय?

याला मराठीने पूर्वीच एक शब्द देऊन ठेविला आहे : वहिवाट. दीर्घकाळच्या वापराने सिद्ध झालेला व्यवहार असा त्याचा अर्थ असून शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. हा शब्द कृषिजीवनाचा आहे, शहराला तो शोभणार नाही, असा आक्षेप येईल. परंतु शहरातील पादचाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे की त्याच्यापाशी पदपथ आहे, वहिवाट नाही. पदपथ देणारा तो केव्हाही अरुंद करू शकतो. वहिवाट मोडणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

पुण्याच्या पश्चिमेकडील महाळुंगे गावाच्या संदर्भात या विवेचनाचा कस लागतो. मुळशी तालुक्यातील या गावात आगगाडी कधी आली नाही. संस्कृत 'मातुलुंग' पासून आलेला 'महाळुंग' हा शब्द एका लिंबूवर्गीय फळाचा वाचक आहे. गावाचे नाव त्यावरून पडले असे मानले, तर झाडाची ओळख पुसट झाली तरी नावाने ती जपली असे म्हणावे लागेल. 2021 साली गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. महाळुंगे-माण नगररचना योजनेने तेथे नव्या रस्त्यांची आखणी केली. अशा आखणीतील रस्ते आरंभी रुंदीच्या आकड्यांनी ओळखले जातात, आणि जवळच्या औंध येथे 'डी. पी. रोड' हे विशेषनामच होऊन बसले आहे. आराखड्याची आद्याक्षरे रस्त्याचे नाव होतात तेव्हा त्या भूमीवरील पूर्वीच्या पाणंदी, गाडीवाटा आणि बांधावरच्या पायवाटा यांची नोंद कोठे राहते? साष्टीच्या ट्रामवेचे जे झाले ते रूळ नसलेल्या गावातही होऊ शकते.

म्हणून जुन्या लोहमार्गाची चर्चा ही केवळ लोखंडाची आणि बागेची चर्चा नव्हे. रूळ उचलण्यापूर्वी ओळीचे पूर्ण नाव नोंदवावे, तिला 'सोडलेली' न म्हणता 'राखलेली' म्हणावे आणि तिच्यावरून चालणाऱ्याचा वावर वहिवाट म्हणून मान्य करावा. या तीन गोष्टींना खर्च जवळजवळ लागत नाही. सी. एस. टी. रोडवरून रोज जाणाऱ्याला आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ठाऊक नसते, याचे कारण त्या वेळी ही तीन कामे कोणाचीच नव्हती.