हातातला जी.पी.एस. आणि पारगडचा कडा

चंदगड तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किल्ल्यांच्या सहलींसाठी हातात धरण्याचा जी.पी.एस. घ्यायचे ठरवले, तर पहिली गाठ पडते ती जाहिरातीतल्या आकड्याशी: 'अचूकता ३ मीटर'. हा आकडा खोटा नसतो, पण तो मोकळ्या आभाळाखालचा असतो. पारगडाची वाट किंवा तिलारीचे रान म्हणजे मोकळे आभाळ नव्हे.

असे का, हे समजून घेऊ. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपली वेळ आणि स्थान सतत सांगत असतात. आपले यंत्र फक्त ऐकते. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. किमान चार उपग्रह लागतात: तीन स्थानासाठी आणि चौथा यंत्राच्या साध्या घड्याळातली चूक काढण्यासाठी. एका मायक्रोसेकंदात संदेश ३०० मीटर जातो. कड्यावर आपटून आलेला संदेश ३० मीटर जास्त फिरला, तर त्या उपग्रहाचे अंतर तेवढेच जास्त भरते. दरीत बाजूचे उपग्रह डोंगराआड जातात, आणि पावसाळ्यातली ओली, दाट पाने संदेश आणखी क्षीण करतात.

मग जास्त पैसे मोजले की हे दोष जातात का? गार्मिन कंपनीच्या, २०११ साली आलेल्या इ-ट्रेक्स १०, २० आणि ३० या यंत्रांचे उदाहरण पाहा. तिन्ही दोन पेन्सिल सेलवर चालतात, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास. तिन्ही जी.पी.एस.बरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही ऐकतात. फरक इतरत्र आहे. १० चा पडदा एकरंगी आहे. ३० मध्ये चुंबकीय होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक आहे. म्हणजे वाढीव किंमत सोयींची आहे, स्थानाच्या अचूकतेची नव्हे. होकायंत्र नसलेले यंत्र चालताना दिशा दाखवते, थांबल्यावर नाही. पण प्रयोगशाळेतले साधे होकायंत्र खिशात असले की ही उणीव भरून निघते. उंचीमापकाचेही तसेच. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला, तर जागेवरून न हलता आपण आठ-नऊ मीटर वर चढल्याचे ते सांगते. पावसाळी दिवसात ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागते. अचूकतेसाठीच पैसे मोजायचे असतील, तर अधिक उपग्रहमालिका आणि दोन वारंवारिता ऐकणारे नवे यंत्र पाहावे.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. पारगड सह्याद्रीच्या धारेवर आहे. खाली दोडामार्गचे कोकण. कोकणातल्या गावाचे स्थान यंत्रात भरले, तर बाण सरळ त्या गावाकडे वळतो आणि अंतर थोडेच दाखवतो. बाणाला कडा दिसत नाही. म्हणून सर्वांत उपयोगी सोय म्हणजे आल्या वाटेची नोंद. धुके उतरले की त्याच वाटेने मागे फिरता येते. ही सोय साध्या यंत्रातही असते. भिजलेल्या बोटांनी दाबता येतील अशी बटणे आणि वाटेत बदलता येतील असे सेल, या बाबतींत ते मोबाइलपेक्षाही सरस ठरते.

आणखी दोन गोष्टी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट मानकावर आहेत आणि यंत्र डब्ल्यू.जी.एस. ८४ वर. यंत्रातले मानक बदलले नाही, तर चंदगड परिसरात स्थान शंभर मीटरांहून अधिक सरकते. दुसरे, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. शाळेला फक्त ऐकणारेच यंत्र हवे.

घेण्यापूर्वी, जमल्यास उसने आणून, विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. यंत्र मैदानात एका जागी ठेवून तासभर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांश लिहावेत आणि आलेखकागदावर मांडावेत. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे सुमारे १.१ मीटर. मग तेच झाडाखाली आणि इमारतीच्या भिंतीलगत करावे. ठिपक्यांचा पुंजका किती पसरतो, ते पाहावे. त्या यंत्राची अचूकता मुलांना त्या कागदावर दिसेल. आणि पुंजका कितीही लहान आला, तरी नकाशा आणि वाट जाणणारा गावकरी यांना सुट्टी देऊ नये.