गणित आणि फलित

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुणे येथे निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि विशेषणांची त्यात वाण नव्हती. परंतु सुमारे पन्नास वर्षे सामान्य माणसाशी विज्ञान बोलण्याचा जो उद्योग त्यांनी केला, त्याचे नेमके मोल काय व त्यात उणे काय, ह्याची तपासणी क्वचितच झाली. विशेषणांनी दावा सिद्ध होत नाही, एवढे तरी आमच्या व्यवसायाने आम्हांस शिकविले आहे.

ह्या लेखास एक घरगुती निमित्तही आहे. आमच्या देवळाच्या वाचनालयासाठी नारळीकरांची पुस्तके घ्यावीत, अशी सूचना आम्ही केली. तेव्हा एका वृद्ध महाजनांनी विचारले, "वकीलबाब, ज्यांनी पत्रिका खोटी ठरविली, त्यांची पुस्तके देवाच्या दारी कशाला?" ही हरकत उडवून लावण्याजोगी नव्हे. तिचे उत्तर देणे प्राप्त आहे.

प्रथम पत्रिकेचेच प्रकरण घेऊ. २००८ साली नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका मांडल्या व त्या मिसळल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका पाठवून कोणती कोणत्या गटातील, एवढेच विचारले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. ती सरासरीने शेकडा ४६ बरोबर निघाली. एका संस्थेने दोनशेही पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून कौल लावला असता तरी निकाल ह्याहून फारसा निराळा लागला नसता.

येथे काय तपासले गेले हे नीट पाहावे. देव तपासला गेला नाही, भक्ती तपासली गेली नाही, पंचांगाचे गणितही नाही. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष पंचांगात दिलेल्या वेळी होतो की नाही, हे नदीकाठी उभा राहणारा कोणीही पाहू शकतो. गणिताने स्वतःला कसोटीस उभे केलेलेच आहे. तपासले गेले ते फलित. आकाशातील ग्रहांच्या गणितावरून माणसाच्या बुद्धीविषयी केलेले ते एक विधान होते. जो दावा पुराव्यास येतो, त्याची उलटतपासणी व्हावी. जी श्रद्धा दावाच करीत नाही, तिला साक्षीच्या पिंजऱ्यात ओढण्याचे कारण नाही. आमच्या महाजनांच्या मनात ह्या दोन गोष्टी एक झाल्या होत्या. त्या निरनिराळ्या करून दाखविणे, हेच नारळीकरांच्या लोकशिक्षणाचे मुख्य कार्य, असे आम्ही समजतो. ह्याच भूमिकेवरून त्यांनी विद्यापीठांत ज्योतिष शिकविण्याच्या योजनेस विरोध केला.

ज्या कसोटीस त्यांनी इतरांस उभे केले, तिला ते स्वतः उभे राहिले होते काय? होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव त्यांनी घेतले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल ह्यांचे शिष्य म्हणून गाजलेल्या, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेल्या माणसाच्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. नाव झाकून गुण तपासावयाचे, ही पत्रिकांच्या चाचणीचीच रीत त्यांनी चौतीस वर्षे आधी स्वतःवर चालविली होती.

आता कथांविषयी. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा आमच्या मते सर्वांत चांगली. प्रा. गंगाधरपंत गायतोंडे (आडनाव आमच्या वाचकांस परके नाही) अशा मुंबईत जाऊन पोहोचतात, जेथे मराठे पानिपतावर जिंकलेले आहेत. परत येतात ते बखरीचे एक फाटके पान खिशात घेऊन. विश्वासरावांची गोळी चुकली, असे त्या पानावर आहे. आपल्या जगातील प्रतीत ती लागलेली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांस १४ जानेवारी १७६१ हा दिवस नुसता इतिहास नव्हे, घराण्याची आठवण आहे. त्या जखमेवर लेखकाने गौरवाची फुंकर घातली नाही. एका गोळीच्या अंतरावर दोन जगे कशी उभी राहतात हे दाखविले, आणि तेही एका कागदाच्या पुराव्याने. वकिलास ही कथा न आवडेल तर नवल!

तथापि दोषही तेथेच आहे. कथेच्या अखेरीस मित्र राजेंद्र देशपांडे भौतिकशास्त्र समजावीत बसतात, आणि गंगाधरपंतांच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न मागे पडतो. नारळीकरांची पात्रे बहुधा अशीच: पढविलेल्या साक्षीदारासारखी विचारले तेवढेच सांगणारी. 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर', 'यक्षांची देणगी' ही नावे पुराणांतून घेतली. नावाबरोबर येणारा भावार्थ मात्र पुष्कळदा दाराशीच थांबला. माता सुमतीबाई संस्कृतज्ञ, पिता विष्णुपंत काशीस गणिताचे प्राध्यापक. अशा घरच्या लेखकाकडून अधिकाची अपेक्षा ठेवणे गैर नव्हे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. विश्वाला आरंभ नाही, हे स्थिर विश्वाचे मत त्यांनी गुरूंबरोबर मांडले. १९६५ साली अवकाशातून सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या बाजूने निकाल दिला. नारळीकरांनी तो मानला नाही. १९९३ साली हॉईल व बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धांत पुढे आणला. ज्योतिष्यांस निकाल मानावयास सांगणाऱ्याने स्वतः का मानू नये? आमचे उत्तर असे: अपील करणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. विश्वरचनाशास्त्रावरील आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी प्रतिपक्षाची बाजू विस्ताराने शिकविली आणि पर्यायी मते नंतर ठेवली. निकाल विरुद्ध गेल्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे विद्यार्थ्यांस प्रामाणिकपणे सांगणारे पक्षकार आम्ही फार थोडे पाहिले आहेत.

उरते ती माणसाची गोष्ट. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'आयुका'चे ते पहिले संचालक. तेथे शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होत. मुले स्वाक्षरी मागावयास आली, की ते सांगत: पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सहीची किंमत प्रश्न! १९९६ साली युनेस्कोने त्यांस कलिंग पारितोषिक दिले. पण त्या पोस्टकार्डांचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते. मोठ्या माणसाची सही बाळगणारा पोरगा आणि त्याला प्रश्न विचारणारा पोरगा ह्यांच्यात जे अंतर आहे, तेच पत्रिकेपुढे मान तुकविणारा आणि पंचांगाचे गणित पडताळणारा ह्यांच्यात आहे.

आमच्या महाजनांस आम्ही हेच सांगितले. त्यांनी क्षणभर विचार करून विचारले, "मग आधी कोणते आणावे?" आम्ही सांगितले: कथांपैकी गंगाधरपंतांची, आणि तीनंतर 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र, ज्यास २०१४ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. दोन्ही आता वाचनालयात आहेत. पंचांगही तेथेच, त्याच कपाटात आहे.