बुद्धिबळाचा इतिहास आणि पोथ्यांची साक्ष

हॅरल्ड जेम्स रुथव्हेन मरे यांचा बुद्धिबळाच्या इतिहासावरील सुमारें नऊशें पृष्ठांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड येथें १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी या विषयावर लिहिणारास त्याला वळसा घालून जातां येत नाहीं. ग्रंथ थोर आहे व ग्रंथकार विलक्षण परिश्रमी होते, हें आरंभींच सांगून टाकतों. कारण त्यांतील हिंदुस्थानविषयक प्रकरणांसंबंधानें आम्हांस जें लिहावयाचें आहे त्यांत दोषदर्शन बरेंच येणार आहे. अरबी हस्तलिखितें मुळांतून वाचतां यावींत एवढ्याकरितां मरे अरबी भाषा शिकले. अल्-अदली व अस्-सूली या बगदादच्या खेळाडूंचे डाव कोणत्या हस्तलिखितांत कसे आले आहेत, कोणता कोणाचा, नक्कल करणारानें कोठें चूक केली, हें सर्व त्यांनीं सोनाराच्या कांट्यानें तोलावें तसें तोललें आहे. आमच्या पोथ्यांच्या वांट्यास हा कांटा आला नाहीं. ही आमची मुख्य तक्रार होय.

तक्रारीपूर्वीं उपकार सांगितला पाहिजे. सर विल्यम जोन्स यांनीं १७९० सालीं ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या दुसऱ्या भागांत हिंदी बुद्धिबळावर एक निबंध लिहिला. त्यांत चार खेळाडूंनीं फांसे टाकून खेळावयाच्या चतुरंगाचें वर्णन राधाकांत नांवाच्या पंडितानें पुरविलेल्या माहितीवरून दिलेलें आहे. व्यास हा युधिष्ठिरास खेळ समजावून सांगत आहे, अशी त्या मूळ संस्कृत प्रकरणाची मांडणी असून तें भविष्यपुराणांतील म्हणून सांगण्यांत आलें होतें. रावणाच्या स्त्रीनें खेळ काढला ही दंतकथाही जोन्स यांनीं तेथेंच नमूद केली आहे. पुढें १७९९ मध्यें कॅप्टन हायरम कॉक्स यांनीं, हा चौघांचा खेळच मूळ असून दोघांचा खेळ त्यापासून निघाला, असें प्रतिपादन केलें. आणि १८६० सालीं लंडनचे अध्यापक डंकन फोर्ब्स यांनीं त्यावर इमला चढवून खेळाचें वय पांच हजार वर्षें ठरविलें.

इमल्याचा पाया काय होता तें संग्राहकांनीं अवश्य पाहावें. हें प्रकरण बंगालचे सोळाव्या शतकांतील धर्मशास्त्रकार रघुनंदन यांच्या तिथितत्त्वांत आलें आहे, आणि तेंही कोजागरीच्या निमित्तानें. त्या रात्रीं जागरण करावें व द्यूत खेळावें, असें सांगतां सांगतां ग्रंथकारानें हा संवाद उतरून घेतला आहे. वेबर व फान डेर लिंडे यांनीं १८७२ ते १८७४ या काळांत शोध केला तेव्हां भविष्यपुराणांत हा संवाद नाहीं असें दिसून आलें. पांच हजार वर्षांपैकीं हातीं राहिलीं तीं साडेतीनशें-चारशें! याच क्रीडेवरील शूलपाणीची चतुरंगदीपिका मनोमोहन घोष यांनीं कलकत्त्यास १९३६ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यामुळें हा खेळ बंगालच्या धर्मशास्त्रकारांत रघुनंदनापूर्वींही परिचित होता असें ठरतें, पण पुराणकाळ कांहीं जवळ येत नाहीं. चौघांच्या फांशांच्या चतुरंगाचें काळ निश्चित असलेलें जुनें वर्णन म्हणजे अल्-बीरूनीचें, सुमारें इ. स. १०३० चें.

फोर्ब्स यांचा दोष संस्कृत न समजण्याचा नव्हे. संवादांत बोलणाऱ्या पात्रांचें वय तेंच लेखाचें वय, असें त्यांनीं धरलें, हा तो दोष होय. या रीतीनें गेल्यास कालच्या पौषांत लिहिलेलें व्रतमाहात्म्यही त्यांतील कृष्ण व युधिष्ठिर यांच्या बोलण्यावरून द्वापरांत नेतां येईल. मरे यांनीं या मतास मूठमाती दिली, हा त्यांचा उपकार. तथापि मराठींतील लेखक बुद्धिबळाची प्रस्तावना करूं लागले कीं मंदोदरी व पांच हजार वर्षें अद्यापि पुढें येतात. ‘चतुरंग’ शब्द महाभारतांत शेंकडों ठिकाणीं आहे असें म्हणून कोणी दंड थोपटतात. परंतु तेथें तो हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेचा वाचक आहे, खेळाचा नव्हे. ‘अष्टापद’ शब्दाचेंही तसेंच. आठ आठ घरांचा पट पतंजलीच्या महाभाष्यास ठाऊक आहे व बौद्धांच्या ब्रह्मजालसुत्तांतही त्याचें नांव आहे. पण पट सांपडला म्हणजे त्यावरील बुद्धिबळाचा डाव सांपडला असें होत नाहीं. दोन्ही शब्द एकत्र येतात ते बाणाच्या हर्षचरितांत. हर्षाच्या राज्यांतील शांततेचें वर्णन करतांना, चतुरंगाची मांडणी काय ती अष्टापदावरच होत असे, अशा अर्थाचा श्लेष बाणानें साधला आहे. वाचकांना खेळ माहीत असल्याखेरीज हा श्लेष उमगलाच नसता. म्हणून सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत खेळ चांगला रुळलेला होता हें आम्हीं निःशंक मानतों.

येथून पुढें मात्र मरे यांची व आमची वाट थोडी वेगळी होते. खेळ वायव्य हिंदुस्थानांत सुमारें इ. स. ५७० मध्यें कोणा एका बुद्धिमान पुरुषानें योजून रचला, असें त्यांचें अनुमान आहे. हा नेमका आंकडा आमच्या घशाखालीं उतरत नाहीं. इराणचा बादशहा खुस्रू अनुशिर्वान (५३१ ते ५७९) याच्याकडे हिंदी राजानें कोडें म्हणून बुद्धिबळ पाठविलें व वजीर बुझुर्जमिह्र यानें तें सोडविलें, ही पहलवी कथा आहे. ती कथाच आहे हें मरे जाणतात, तरी तींतील राजाचें नांव तेवढें खरें धरून चालतात. संवादांतील युधिष्ठिरावरून काळ ठरविणें चूक, तर कथेंतील खुस्रूवरून ठरविणें कितपत बरोबर? अरबी ग्रंथकारांची परंपरा या कथेच्या पाठीशीं आहे हें आम्ही विसरत नाहीं. पण मग काळ ‘बाणापूर्वीं’ एवढाच सांगावा. वर्ष सांगूं नये.

याहून भक्कम साक्ष काश्मीरच्या रुद्रटाची आहे. नवव्या शतकांतील त्याच्या काव्यालंकारांत रथपद, गजपद व तुरगपद असे चित्रश्लोक आहेत. श्लोकांतील अक्षरें पटावरील घरांप्रमाणें मांडून सरळ वाचावींत किंवा त्या त्या मोहऱ्याच्या चालीनें वाचावींत, श्लोक तोच निघतो. जर्मन पंडित याकोबी यांनीं १८९६ सालीं यांकडे लक्ष वेधलें व मरे यांनींही या श्लोकांची दखल घेतली आहे. पण पोथ्या हाताळणारास यांत जें दिसतें तें त्यांना दिसलें नसावें. संवादाच्या आरंभीं ‘व्यास उवाच’ घालण्यास कोणाही लेखकास लेखणीचा एक फटकारा पुरतो. तुरगपदांतील एक अक्षर मात्र त्याला इकडचें तिकडे करतां येत नाहीं, केल्यास घोडा अडखळतो व चूक तत्काळ उघडी पडते. खेळाची चाल येथें अक्षरांत कुलूप लावून ठेवलेली आहे. गजपदावरून हत्तीची त्या काळची चाल एक घर पुढें व चारही कोनांकडे एकेक घर अशी होती असें अनुमान निघतें, आणि दोन शतकांनीं अल्-बीरूनी हीच चाल सांगतो. त्यांत हत्तीचे चार पाय व सोंड अशी उपपत्तीही तो देतो. काश्मिरी श्लोक व परदेशी प्रवाशाचें टांचण एकमेकांना न ओळखतां एकच गोष्ट सांगतात. साक्ष म्हणतात ती ही.

आतां दक्षिणेकडे येऊं. मरे यांच्या ग्रंथांत दक्षिणेच्या मध्ययुगाच्या जागीं जवळजवळ पोकळी आहे. वास्तविक कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११२९ ते ११३१ मध्यें रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या क्रीडाविनोदांमध्यें चतुरंगाचें सविस्तर प्रकरण आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात या उल्लेखासाठीं आपल्याकडे हा ग्रंथ नेहमीं उघडला जातो. क्रीडेचीं पानें मात्र क्वचितच. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५, दुसरा १९३९ व क्रीडाप्रकरणाचा तिसरा १९६१ सालीं निघाला. मरे १९५५ मध्यें वारले, तेव्हां हा भाग त्यांनीं पाहिला नाहीं याचा दोष त्यांना देतां येत नाहीं. दोष द्यावयाचा तर तो आपल्याला. कारण छापून निघाल्यावरही त्यावर सविस्तर निबंध लिहिला तो आंद्रेआस बॉक-रामिंग या जर्मन अभ्यासकानें, १९९६ सालीं.

दुसरा ग्रंथ नीळकंठ भट्टांचा. पैठणाहून काशीस गेलेल्या प्रसिद्ध भट्ट घराण्यांतील हे पंडित सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत होऊन गेले. त्यांच्या भगवंतभास्करांतील व्यवहारमयूख मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण ठरल्यामुळें त्याची कीर्ति झाली. काणे यांची आवृत्ति १९२६ ची आहे. त्याच भास्कराच्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचें प्रकरण असून घोडा चौसष्टही घरांतून कसा फिरवावा तेंही त्यांत दिलें आहे. मरे यांनीं त्याचा उपयोग केला तो वेबर यांच्या जर्मन विवेचनाच्या वाटेनें. अरबी पोथीसाठीं भाषा शिकणारा गृहस्थ संस्कृत पोथीसाठीं दुभाष्यावर समाधान मानतो, आणि त्या दुभाष्यापुढील पाठ शुद्ध होता कीं नाहीं याची चौकशीही फारशी करीत नाहीं!

तिसरें उदाहरण मुंबईचें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ सालीं छापलें गेलें. तें युरोपीय खेळाच्या रीतीस अनुसरून करून घेतलें आहे, असें त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटलें आहे. इतिहासाच्या दृष्टीनें ही कबुली म्हणजे धोक्याचा दिवा होय. आपल्या जुन्या खेळांत प्यादें पहिल्या चालींतही एकच घर सरके. राजाला किल्लेकोट नसून, शह बसला नसेल तर एकदां घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. शेवटच्या घरीं गेलेलें प्यादें ज्या घरीं पोंचेल त्या घरच्या मोहऱ्याचें रूप घेई. यांपैकीं कोणताही नियम बदलला कीं कूटडावाचें उत्तर बदलतें. रूपांतरावरून मूळ रीत काढणें म्हणजे इंग्रजी टोपी पाहून पागोट्याचे पेंच मोजण्यासारखें आहे. येथें मूळ संस्कृतच समोर ठेवलें पाहिजे. औरंगाबादच्या हरिकृष्णांचें १८७१ मधील क्रीडाकौशल्यही त्याच्या जोडीस घ्यावें. तें उशिराचें आहे खरें, पण रूपांतर नव्हे.

मोहऱ्यांच्या नांवांविषयीं एक गोष्ट राहिली. जुन्या दोघांच्या खेळांत कोपऱ्यांतलें मोहरें रथ. बंगालच्या चौघांच्या खेळांत कोपऱ्यांत नौका आहे व सरळ धांवण्याची रथाची चाल हत्तीकडे गेली आहे. आपल्या मराठी पटावर हत्ती कोपऱ्यांत आला, त्याच्या जुन्या तिरप्या वाटेवर उंट आला, आणि रथ नाहींसा झाला. शह, मात, वजीर, प्यादें हे शब्द फारशीच्या मार्गानें आले. राजा, घोडा, उंट, हत्ती आपले राहिले. आणि उत्तरेस सर्वत्र शतरंज म्हणत असतां आपण खेळास बुद्धिबळच म्हणत आलों. ही सरमिसळ केव्हां झाली तें ग्रंथांवरून ठरणार नाहीं. मित्ती घातलेलें पत्र, जामदारखान्याची यादी, हस्तिदंती मोहऱ्यांच्या खरेदीचा कागद, यांतल्या एका ओळीनें तें ठरेल.

असे कागद हातून कसे निसटतात याचा मासला आमच्याच पाहण्यांत आला. एका संग्राहक स्नेह्यांकडे मंत्रयंत्रांच्या रुमालांत एक सुटें पान होतें. आठ आठ घरांचा चौकोन, आंत १ पासून ६४ पर्यंत आंकडे. त्यांनीं तें भद्रगणिताचें यंत्र म्हणून नोंदविलें होतें. भद्रयंत्र असतें तर प्रत्येक ओळीची बेरीज २६० भरावयास हवी होती. आम्हीं तीन ओळी मिळविल्या, तिन्ही वेगळ्या आल्या. तेव्हां आंकडे क्रमानें बोटानें पाहूं लागलों. १ वरून २ वर, २ वरून ३ वर बोट दर वेळीं अडीच घरेंच जाई. तो घोड्याचा फेरा होता. (उलट सावधगिरीही येथेंच सांगतों: बेरीज २६० भरली म्हणून पान यंत्राचेंच असें समजूं नये, म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार, जे १८६८ मध्यें वारले, त्यांनीं ओळींची बेरीजही भरेल असे फेरे रचले आहेत. कसोटी बोटाची, बेरजेची नव्हे.) पानाच्या पाठीवर कोणीं तरी डाळ, तूप व सुपारी यांचा हिशेब मांडला असून तिथि दिली आहे, शक दिलेला नाहीं. अक्षर मोडी आहे, त्यांतील वळणें उत्तर पेशवाईकडे झुकतात, पण तेवढ्यावर काळ सांगण्यास आम्ही तयार झालों नाहीं. स्नेह्यांनीं पान यंत्रांतून काढून वेगळ्या रुमालांत बांधलें आणि चिठ्ठीवर ‘घोड्याचा फेरा, काळ अनिश्चित, पाठीवर किराणा’ असें लिहून ठेवलें.