'कुनिगा' : स्लाव्ह भाषांतील ग्रंथवाचक शब्दाच्या व्युत्पत्तीचें परीक्षण

रशियन 'क्निगा', चेक 'क्निहा', सर्बियन 'क्न्यिगा' या शब्दांचा आजचा अर्थ पुस्तक असा आहे. त्यांवरून भाषाशास्त्रज्ञांनीं मूळ स्लाव्ह भाषेंतील 'कुनिगा' हें नाम कल्पिलें आहे. त्यांतील उकार अत्यंत ऱ्हस्व समजावा. हें रूप कोणत्याहि पोथींत लिहिलेलें नाहीं, तें अनुमित आहे.

याच्या उगमाविषयीं विशेष प्रचलित मत असें कीं, गुंडाळीच्या ग्रंथाचा वाचक असा एक चिनी शब्द तुर्की भाषांच्या द्वारें स्लाव्हांकडे आला. दुसरें मत अक्कडियन 'कुनुक्कु', म्हणजे मुद्रा, या शब्दाकडे बोट दाखवितें. घरच्याच ओंडकावाचक शब्दापासून तो निघाला असेंहि कांहीं म्हणतात.

आमच्या मतें पहिल्या पक्षाचा मुख्य दोष हा कीं, तो आजचें पुस्तक डोळ्यांपुढें ठेवून निघतो. जुन्या पोथ्या निराळेंच सांगतात. झोग्राफ व मारियन या ग्लागोलिती लिपींतील शुभवर्तमानांच्या पोथ्यांची भाषा पाहावी. तींत हा शब्द बहुधा अनेकवचनीं, 'कुनिगी' असा येतो. एकाच ग्रंथासहि अनेकवचनच लागतें. योहानाच्या सातव्या अध्यायांत, न शिकतां येशूस विद्या कशी आली, असा लोकांस विस्मय पडतो. तेथें मूळ ग्रीक शब्द 'ग्राम्माता', म्हणजे अक्षरें, असून त्याच्या जागीं 'कुनिगी' घातला आहे. ख्राबर नामक यतीचें लिपिविषयक प्रकरण १३४८ च्या प्रतींत आहे. पूर्वीं स्लाव्हांस 'कुनिगी' नव्हती, ते रेघा व खांचा यांवर काम भागवीत, असें तो म्हणतो. रेघांशीं तुलना अक्षरांचीच होणार, बांधीव ग्रंथाची नव्हे! सर्बियन वीरगीतांत तर हाच शब्द पत्राचा वाचक आहे. शेजारच्या गॉथिक भाषेंत 'बोका' एकवचनीं अक्षर व अनेकवचनीं ग्रंथ, हा प्रकार अगदीं याच जातीचा होय.

तेव्हां अक्षर हा अर्थ आधींचा व ग्रंथ हा मागाहूनचा असें आम्ही मानतों. गुंडाळीपासून अक्षराकडे अर्थ कसा वळला, हें चिनी पक्षानें दाखविलें पाहिजे. लेखनिकाच्या 'कुनिगुची' या जुन्या नामांतील '-ची' प्रत्यय तुर्की आहे (आपल्या मशालची, तोपची यांतीलच तो), हा पुरावा वजनदार दिसतो खरा. परंतु प्रत्यय परका असल्यानें धातूहि परका ठरत नाहीं. मधला दुवा म्हणून सांगितलेलें 'क्युइनिग' हें तुर्की रूप स्वतःच अनुमित आहे. म्हणजे अनुमानावर अनुमान. मुद्रेच्या पक्षाला अर्थाची अडचण कमी, पण अक्कडपासून स्लाव्हांपर्यंतची वाट त्याला दाखवितां आलेली नाहीं.

शिवाय पोलिश 'क्शेंगा' यांत एक अनुनासिक आहे. तो मागाहून शिरला असें म्हणून बहुतेक पंडित पुढें जातात. आम्हांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं.