लॅक्यूना आणि हायेटस : पोथींतील दोन पोकळ्यांचा विचार

हस्तलिखितांच्या सूचींत व संशोधित आवृत्त्यांच्या प्रस्तावनांत इंग्रजींतून आलेले दोन शब्द सारख्याच सढळपणें वापरलेले आढळतात. एक ‘लॅक्यूना’ व दुसरा ‘हायेटस’. पोथीचीं चार पानें गहाळ असलीं तरी हायेटस, श्लोकांत दोन स्वर सांधल्यावांचून शेजारीं राहिले तरी लॅक्यूना, आणि एखाद्या वंशावळींत पन्नास वर्षें कोणाचेंच नांव नसलें तर दोहोंपैकीं जो आधीं आठवेल तो! मराठीकरण करणारे याहूनही मोकळ्या हाताचे. दोहोंस ‘त्रुटि’ हा एकच शब्द देऊन ते पुढें जातात. हा सैलपणा केवळ शैलीचा दोष असता तर त्यासाठीं आम्हीं या त्रैमासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु पोकळी कोणत्या जातीची हें ठरल्याशिवाय ती भरावी कीं तशीच राहूं द्यावी हें ठरत नाहीं. आणि संपादकाच्या हातून ग्रंथाचें जें सर्वांत मोठें नुकसान होतें तें नेमकें याच जागीं होतें, असें आमचें मत आहे.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. लॅक्यूना हा तळें या अर्थाच्या ‘लाकुस’ शब्दापासून निघाला. खड्डा, डबकें हा त्याचा मूळ अर्थ. समुद्रकांठच्या उथळ सरोवरास इंग्रजींत ‘लगून’ म्हणतात, तो इटालियनमार्गें आलेला शब्द याचेंच भावंड होय. हायेटस हा ‘आ वासणें’ या अर्थाच्या धातूपासून झाला असून जांभईचा इंग्रजी शब्द ‘यॉन’ दूरच्या नात्यानें त्याचा सगोत्र आहे. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवूं नये हें आम्ही जाणतों. पण येथें व्युत्पत्ति चांगलें चित्र पुरविते. खड्डा पडतो तेथून माती गेलेली असते, आणि ती किती गेली हें खड्ड्याच्या लांबीरुंदीवरून सांगतां येतें. जांभई देणाऱ्याच्या तोंडांतून मात्र कांहीं हरवलेलें नसतें. दोन्ही ओठ जागच्या जागीं असतात. ते मिटलेले नसतात, एवढेंच.

आतां, इंग्रज ग्रंथकारांनीं तरी हा भेद कसोशीनें पाळला आहे काय? नाहीं. ग्रंथांतील गळलेल्या भागास हायेटस म्हणण्याची चाल त्यांच्यांतही जुनी आहे, आणि कोशकारांनीं ती नोंदविली आहे. तेव्हां आमच्या सूचीकारांनीं इंग्रजी बिघडविली असा आरोप करणें अन्यायाचें होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें दोन गोष्टी भिन्न आहेत व दोन शब्द हाताशीं आहेत, तेथें दोहोंस एकाच दावणीला बांधण्याचें कारण नाहीं.

लॅक्यूनाचें निर्भेळ उदाहरण पाहावयाचें तर रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या ‘अ‍ॅनल्स’ या ग्रंथाचें पाहावें. आज उपलब्ध असलेला तो ग्रंथ दोन मध्ययुगीन पोथ्यांवर उभा आहे. पहिली सहा प्रकरणें नवव्या शतकांतील एका पोथींत, अकरावें ते सोळावें अकराव्या शतकांतील दुसरींत; दोन्ही फ्लॉरेन्स येथील लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहेत. सातवें ते दहावें हीं चार प्रकरणें समूळ गेलीं, आणि पांचव्याचा बहुतेक भाग नष्ट झाला. सम्राट टायबीरियसचा विश्वासू सेजानस इ. स. ३१ सालीं पदावरून उतरला व मारला गेला, तो प्रसंग या गळलेल्या भागांतच होता. टॅसिटसनें तो लिहिला होता याविषयीं शंका नाहीं. आगचें-मागचें लिखाण त्याकडे बोट दाखवितें. लॅक्यूनाचें लक्षण हेंच : वस्तु होती, ती गेली, आणि गेल्याचा कांठ शिल्लक आहे.

आमच्या पोथ्यांत अशा खड्ड्यांचीं कारणें संग्राहकांस नव्यानें सांगावयास नकोत. वाळवी, कसर, ओल, उंदीर, पान सुटणें, आणि लेखकाची दृष्टि एका शब्दावरून पुढच्या ओळींतील त्याच शब्दावर घसरून मधला मजकूर गळणें. गेलेल्याचें माप काढण्याचें साधनही आमच्याकडे आहे व तें उत्तम आहे. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून अनेक लेखक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या देतात. एका ओळींत सरासरी अक्षरें किती, पृष्ठावर ओळी किती, हें मोजून उरलेल्या पोथीची ग्रंथसंख्या काढावी व ती शेवटच्या आंकड्याशीं ताडून पाहावी. उणें किती तें पुष्कळदां अदमासानें सांगतां येतें. ज्या पोकळीस असें माप लागूं शकतें ती लॅक्यूना. हायेटसला अक्षरांचें माप नाहीं, कारण तेथें गेलेलीं अक्षरेंच नाहींत.

हायेटसचें खरें घर व्याकरण होय. दोन स्वर एकमेकांशेजारीं येऊनही त्यांचा संधि न होणें, यास आमच्या प्रातिशाख्यकारांनीं ‘विवृत्ति’ असें नांव दिलें. तें युरोपीय शब्दाशीं इतकें जुळतें कीं भाषांतराची खटपटच नको. एकाच पदाच्या पोटांत विवृत्ति असलेले ‘प्रउग’ व ‘तितउ’ हे शब्द वैदिक अभ्यासकांस परिचित आहेत. तितउ म्हणजे चाळण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एकाहत्तराव्या सूक्तांत, शहाणे लोक पीठ चाळावें तशी वाणी चाळून घेतात अशी उपमा आहे, तींत हा शब्द येतो. ज्या वस्तूचा गुणच मुळीं तिचीं छिद्रें, तिच्या नांवांतही एक छिद्र असावें हा योगायोग मौजेचा आहे. आणि तें छिद्र बुजविण्याचें धाडस आजवर कोणत्याही पाठकानें केलें नाहीं.

याहून बोधक उदाहरण रोजच्या वाचनांतलें आहे. ‘रामः’ व ‘आगच्छति’ हीं पदें जोडून वाचतांना ‘राम आगच्छति’ असें होतें. येथें विसर्गाच्या स्थानीं आलेल्या यकाराचा लोप झालेला आहे. म्हणजे कांहीं गेलें आहे खरें. मग उरलेल्या अ आणि आ यांचा पुन्हां संधि होऊन ‘रामागच्छति’ कां होऊं नये? पाणिनीनें याचें उत्तर आपल्या शेवटच्या तीन पादांच्या व्यवस्थेंत दिलें आहे : तेथें सांगितलेलें कार्य आधींच्या सूत्रांच्या दृष्टीनें झालेंच नाहीं असें समजावयाचें. लोप झाला, पण तो संधिसूत्रास दिसत नाहीं. म्हणून पोकळी उघडी राहते आणि ती उघडी राहणें हेंच शुद्ध. जो शोधक अशा जागीं ‘येथें अक्षर गळलें’ म्हणून ‘च’ घालतो, तो धडधाकट माणसाच्या तोंडांत कवळी बसवितो.

असें कोणी करतें काय, असें वाचक विचारतील. महाभारताच्या पोथ्यांत शेंकडों वर्षें हेंच झालें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवृत्तीचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३३ सालीं आदिपर्वास जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेंत जें विवेचन केलें, त्यांतील एक मुद्दा आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. जुन्या पाठांत, विशेषतः दोन चरणांच्या सांध्यावर, विवृत्ति असे. उत्तरकालीन लेखकांस ती कानाला खटके. म्हणून ते च, तु, हि असलीं निपातें घालून किंवा शब्दांची उलटापालट करून ती मोडीत. प्रत्येकानें आपापल्या रुचीप्रमाणें मोडल्यामुळें एकाच जागीं निरनिराळ्या पोथ्यांत निरनिराळे पाठ उत्पन्न झाले. विवृत्ति असलेला पाठ पुढें ठेवला म्हणजे या सर्व पाठांचा उगम एका दृष्टिक्षेपांत कळतो. विवृत्ति मुद्दाम घालणारा लेखक विरळा, ती काढून टाकणारे मात्र पुष्कळ. यास्तव दोहोंतील विवृत्तीचा पाठ बहुधा जुना. म्हणजे पाहा : लॅक्यूना असलेली पोथी त्या जागीं साक्षीदार म्हणून मुकी असते, तर हायेटस असलेली पोथी त्याच जागीं सर्वांत विश्वसनीय बोलत असते. दोहोंस एकच खूण करणारी सूची मुक्या साक्षीदारास व उत्तम साक्षीदारास एकाच रकान्यांत बसविते.

एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शोधली, तेव्हां तींत पदरची ओवी घालणाऱ्यांस त्यांनीं कडक शब्दांत बजावलें होतें, हें येथें सहज आठवतें. रिकाम्या जागेपेक्षां भरलेल्या जागेचें भय त्यांस अधिक वाटलें असावें.

कांहीं स्थळीं दोन्ही कल्पना एकमेकींत गुंततात, हेंही सांगितलें पाहिजे. होमरच्या काव्यांत विवृत्ति फार, आणि ग्रीक छंदाच्या मानानें ती खटकणारी. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडितानें ओळखलें कीं, यांतील पुष्कळ शब्दांच्या आरंभीं पूर्वीं एक वकार होता. तो होमरच्या प्रतींत कोठेंच लिहिलेला नसला तरी वृत्त त्याची जागा राखून आहे. उदाहरणार्थ ‘एपोस’ म्हणजे शब्द, वचन. आमच्या ‘वचस्’चाच तो सख्खा भाऊ, फक्त आद्य वकार गमावलेला. तर मग ही लॅक्यूना नव्हे काय? आम्ही म्हणतों, नव्हे. वकार भाषेंतून गेला, पोथींतून गळला नाहीं. कोणा लेखकाच्या डुलकीचा तो दोष नाहीं. मराठींतही हें घडलें आहे. ‘देवकुल’ व ‘राजकुल’ यांतील मधलीं व्यंजनें प्राकृतांत झिजलीं, स्वर उघडे पडले, आणि त्यांतून आमचीं देऊळ व राऊळ हीं रूपें उभीं राहिलीं. ‘देउळ’ असें लिहिलेलें पाहून तेथें ककार गळला असें कोणी टीपेंत लिहील काय?

ग्रंथ सोडून मातीकडे वळलें तर हाच भेद अधिक स्थूल रूपांत दिसतो. हस्तिनापूर येथें बी. बी. लाल यांनीं १९५० ते १९५२ या काळांत उत्खनन केलें. राखी रंगाचीं चित्रित भांडीं वापरणाऱ्यांची तेथील वस्ती गंगेच्या मोठ्या पुरानंतर उठली. काळ्या तुळतुळीत भांड्यांची पुढची वस्ती कांहीं काळानें झाली. या मधल्या काळास पुरातत्त्वज्ञ हायेटस म्हणतात आणि बरोबर म्हणतात. त्या वर्षांत तेथें कोणी राहिलेंच नाहीं, तर अवशेष हरवणार कोठून? पण त्याच पुरानें टेंकाडाचा मोठा लचका तोडून नेला. धूप झाल्याच्या खुणा लालांस टेंकाडाच्या उतारावर मिळाल्या. जो भाग वाहून गेला तेथें घरें होतीं, खापरें होतीं. तो खड्डा लॅक्यूना होय. एकाच टेंकाडांत, एकाच पुराच्या अलीकडे-पलीकडे, दोन्ही जातींच्या पोकळ्या आहेत, आणि इतिहासकारानें दोहोंवरून काढावयाचे निष्कर्ष अगदीं उलट आहेत. पहिलीवरून ‘वस्ती नव्हती’ असें म्हणतां येतें. दुसरीवरून तसें म्हटलें तर तें असत्य ठरेल.

अमेरिकन भूस्तरशास्त्रज्ञ हॅरी व्हीलर यांनीं १९५८ सालीं हाच प्रश्न आपल्या शास्त्रापुरता सोडविला. (हे आपल्या पुरातत्त्व खात्याचे मॉर्टिमर व्हीलर नव्हेत.) खडकांच्या थरांत जो काळ सांपडत नाहीं त्या सगळ्यास त्यांनीं लॅक्यूना म्हटलें आणि त्याचे दोन वांटे केले : थर पडलाच नाहीं तो काळ हायेटस, आणि थर पडून मागाहून झिजून गेला तो दुसरा. लॅक्यूना हें नांव त्यांनीं संपूर्ण अभावास दिलें, तें आम्ही पोथ्यांसाठीं उचलणार नाहीं. पण प्रत्येक पोकळीपुढें ‘पडलेंच नाहीं, कीं पडून गेलें?’ हा प्रश्न ठेवण्याची त्यांची शिस्त घेण्याजोगी आहे.

न्यायालयांत लॅक्यूना शब्दाचा अर्थ आणखी सरकला आहे. तेथें ती हरवलेली वस्तु नसून खटल्यांतील अंगभूत उणीव असते; सरकारी वकिलाच्या साध्या नजरचुकीस लॅक्यूना समजूं नये, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं स्पष्ट केलें. वकिलीच्या पेशांतून संशोधनाकडे आलेल्या आमच्या मित्रांच्या लेखणींत हा अर्थ नकळत उतरतो, म्हणून उल्लेख केला.

आणखी एक तिसरी जात आहे. तीस यांपैकीं कोणतेंच नांव देऊं नये. ताडपत्रांस दोरी ओंवण्यासाठीं भोंक पाडीत व भोंवतीं जागा सोडीत. पुढें कागद आला, दोरी गेली, तरी कागदाच्या मध्यभागीं चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कोरी जागा सोडण्याची रीत विशेषतः जैन पोथ्यांत कित्येक शतकें टिकली. फारसी फर्मानांत आदरणीय नांव ओळींतून उचलून वर लिहीत आणि ओळींत त्याची जागा मोकळी ठेवीत. अशा स्थळीं ‘येथें अक्षरें गेलीं’ अशी टीप देणारास आपण काय वाचीत आहों हेंच कळलें नाहीं, असें म्हणावें लागतें.

आमची सूचना अशी कीं, सूचींत लॅक्यूनासाठीं ‘त्रुटि’ हा रूढ शब्द राखावा आणि तिच्यापुढें पानें, ओळी किंवा अक्षरें असें माप द्यावें. स्वरांच्या हायेटसला ‘विवृत्ति’ म्हणावें. वंश, वस्ती अथवा लेखनकाळ यांतील हायेटसला ‘विच्छेद’. सोडलेल्या जागेस ‘कोरी जागा’ हे साधे शब्द पुरेत. ‘लोप’ हा शब्द मोहक आहे, पण तो व्याकरणांत गुंतलेला आहे आणि वर पाहिल्याप्रमाणें लोपानेंच विवृत्ति उत्पन्न होते. म्हणून तो टाळावा.

संग्राहकांस एक विनंति. आपल्याकडे पत्रांक बहुधा पानाच्या मागील बाजूस घालतात. पोथी विकत घेतली कीं शिल्लक पानांवर पेन्सिलीनें एकापासून सलग आंकडे घालण्याची हौस कित्येकांस असते, आणि कांहीं तर जुना आंकडा खरवडून काढतात. त्या क्षणीं लॅक्यूना नाहींशी होते. बाराव्या पानापुढें सोळावें येतें, पण वाचणारास तेरावें दिसतें, आणि मजकूर न जुळण्याचा दोष ग्रंथकाराच्या माथीं येतो. नवे आंकडे घालावयाचेच असतील तर ते निराळ्या कोपऱ्यांत घालावे, आणि जुना पत्रांक अर्धा फाटलेला असला तरी जसाच्या तसा सूचींत उतरवून घ्यावा.