सात ओळींचा पहारा

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपचे मशीन भोसरीत, त्यावर निघणारा पार्ट चाकणच्या गाडी-कारखान्यात आणि मशीन बंद पडले की लागणारा सर्व्हिस इंजिनीअर तिसऱ्याच गावी. त्याला घरबसल्या मशीनचा नियंत्रक, म्हणजे पीएलसी, पाहता यावा म्हणून राउटरवर सरळ पोर्ट उघडून दिला जातो. हे घातक आहे. अनेक पीएलसी ज्या मॉडबस पद्धतीने बोलतात, ती १९७९ची. तिच्यात पासवर्डची सोयच नाही. जो विचारेल त्याला यंत्र उत्तर देते.

याच राउटरवर वायरगार्डचा व्हीपीएन सर्व्हर, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या सुरक्षित बोगद्याचे टोक, बसवला की सात ओळींचा एक कॉन्फिग मजकूर तयार होतो. जेसन डोनेनफेल्ड यांची वायरगार्ड ही रचना मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. त्याआधी २०१८मध्येच लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी तिला कलाकृती म्हटले होते. मजकूर वाचला की ते पटते.

पहिल्या चार ओळी सर्व्हरच्या स्वतःबद्दल: ‘इंटरफेस’ हा मथळा, बोगद्यातला पत्ता १०.८.०.१/२४, ऐकण्याचा पोर्ट ५१८२० आणि खासगी किल्ली. पुढच्या तीन समोरच्याबद्दल, म्हणजे इंजिनीअरबद्दल: ‘पीअर’ हा मथळा, त्याची सार्वजनिक किल्ली आणि ‘अलाउड आयपीज’ १०.८.०.२/३२.

सगळे सौंदर्य या शेवटच्या ओळीत आहे. ती एकाच वेळी वाटही सांगते आणि परवानाही देते. १०.८.०.२कडे निघालेले पाकीट याच किल्लीने बंद होते. आणि या किल्लीने उघडलेल्या पाकिटावर पाठवणारा म्हणून दुसरा पत्ता असेल, तर ते तिथेच टाकून दिले जाते. राउटिंगचा तक्ता आणि ओळखपत्र वेगळे ठेवण्याची गरजच उरत नाही.

जे लिहिलेले नाही, तेही वाचावे. इंजिनीअर सध्या कुठल्या पत्त्यावर आहे, याची ओळ सर्व्हरकडे नाही. मोशीला वायफाय सोडून तो मोबाइल डेटावर आला, तरी खऱ्या किल्लीचे पहिले पाकीट येताच सर्व्हर नवा पत्ता ध्यानात घेतो. आणि अनोळखी कोणी दार ठोठावले तर? उत्तर नाही, नकारसुद्धा नाही. विचारेल त्याच्याशी बोलणाऱ्या यंत्रापुढे असा मौनी पहारेकरी उभा राहतो, ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते.

उणिवाही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. किल्ल्यांना नावे नाहीत. ४४ अक्षरांची ती ओळ कोणाची, हे शेजारी टीप लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली आपोआप मरतही नाही. आत आलेल्याने कोणत्या मशीनपर्यंत जावे, हेही फायरवॉललाच सांगावे लागते.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, तर त्यामागचा सार्वजनिक पत्ता सेवा कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी स्टॅटिक आयपी मागून घ्या. मग या सात ओळी लिहा, प्रत्येक किल्लीशेजारी माणसाचे नाव टिपा आणि पीएलसीसाठी उघडलेला तो जुना पोर्ट आजच बंद करा.