'खौफनाक इमारत' : वाचलेली नव्हे, ऐकलेली

इब्ने सफी (१९२८–१९८०) यांनी इम्रान हे पात्र १९५५ साली 'खौफनाक इमारत'मध्ये प्रथम आणले. आज इंटरनेटवर या कादंबरीची उर्दू वाचने ऐकायला मिळतात. रत्नागिरीच्या राजिवड्यात किंवा मिरकरवाड्यात त्यांचे मोल वेगळे आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना उर्दू कळते, वाचता येत नाही. थोरल्यांनी जपलेली पुस्तके घरात असूनही बंदच राहिली. बाबुराव अर्णाळकरांचा झुंजार आपल्याला आपल्या लिपीत भेटला. इम्रान मात्र फक्त ऐकीव राहिला.

देवनागरीची वाट होती, पण त्या नाक्यावर जबर जकात होती. जुन्या हिंदी आवृत्त्यांत 'जासूसी दुनिया'तील फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. फरीदीचा मस्कऱ्या साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला! यामागे बाजाराचा हिशेब असेल, पण तो बोचतो. ऐकताना निदान इम्रान इम्रान असतो.

कथेतील ओसाड इमारतीत प्रेते सापडतात. प्रत्येकावर तीन जखमा, सारख्या अंतरावर. वाचणारा इथे थबकतो, पान मागे उलटतो. ऐकणाऱ्याच्या कानावरून तो तपशील निसटतो. पुरावा डोळ्यांसमोर ठेवण्याचा रहस्यकथेचा करार इथे थोडा मोडतो, हे मान्य करायला हवे.

पण इब्ने सफींची खरी ताकद संवादांत आहे. इम्रान विलायतेत शिकलेला. वडील रहमानसाहेब गुप्तचर खात्याचे बडे अधिकारी, आणि मुलापुढे हात टेकलेले. तो वाटेल ते बरळतो, कॅप्टन फय्याज चिडतो, आणि त्या बरळण्याआड तपास पुढे सरकतो. हे कानांनीच घ्यावे. मी ऐकलेल्या एका वाचनात निवेदकाने इम्रानला विदूषकाचा आवाज दिला आहे आणि इमारतीच्या प्रसंगांमागे भुताटकीचे संगीत. दोन्ही फसले आहे. इम्रान हसवायला बोलत नाही. गंभीर चेहऱ्याने मूर्खपणा बोलतो, म्हणून समोरचा गाफील राहतो. आणि या कादंबरीतली भीती भुतांची नाही, भुतांच्या नावावर आपला कारभार चालवणाऱ्या माणसांची आहे. संगीत नेमके त्या लबाडांच्या बाजूने वाजते.

मराठीत हे कुणी वाचून दाखवणार असेल, तर साधा, सपाट आवाज हवा. उच्चार लखनवी नसले तरी चालतील. नावे तेवढी मूळचीच ठेवावीत.